तावेर्नातल्या बाकावर चार दिवस

पहिला दिवस : साखळी

गोव्याला निघालो आहे असे सांगितले की आमच्या सांगलीत समोरचा माणूस आधी हसतो आणि मग आवाज खाली आणून ‘येताना काय आणणार?’ असे विचारतो. या वेळी मी सरळ सांगून टाकले होते, की मी समुद्र पाहायला चाललेलो नाही, देवळे पाहायलाही नाही. मला गोव्यातली जुनी तावेर्ने, म्हणजे गल्लीतले आणि गावातले छोटे गुत्ते पाहायचे आहेत. त्यावर घरात जी शांतता पसरली ती बेळगाव येईपर्यंत माझ्या कानात होती.

ही कल्पना मुळात माझी नव्हती. गोव्यातल्या साखळी गावात माझा मावसभाऊ राहतो. तो मराठी शाळेत मास्तर होता आणि निवृत्त होऊन त्याला आता दहा वर्षे झाली. त्याने आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही आणि तरीही गेली चाळीस वर्षे तो दर शनिवारी संध्याकाळी गावातल्या एका तावेर्नात जाऊन बसतो. ‘भाऊ, न पिता तू तिथे करतोस काय?’ असे मी त्याला फोनवर अनेकदा विचारले होते आणि दर वेळी ‘ये आणि बघ’ एवढेच उत्तर मिळाले होते. म्हणून एप्रिलच्या मध्यावर, काजूचा हंगाम भरात असताना, मी चोर्ला घाट उतरणाऱ्या बसमध्ये बसलो. घाट संपून सत्तरीचे रान लागले तसा खिडकीतून एक आंबट, गोडसर आणि थोडा कुबट असा वास आत आला. शेजारच्या म्हातारबाईंनी पदर नाकाला न लावता उलट एक दीर्घ श्वास घेतला, त्यावरून हा काजूच्या बोंडांचा, म्हणजे बी ज्याला लटकते त्या फळाचा, वास आहे हे मी ओळखले.

दिवेलागणीला भाऊ मला घेऊन निघाला. तावेर्न मुख्य रस्त्यावर नाही, बाजारामागच्या गल्लीत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या निकालाने महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आतली दारूविक्री १ एप्रिल २०१७ पासून बंद करायची वेळ आली, तेव्हा गोव्यातल्या रस्त्याकडेच्या कितीतरी बारना कुलूप लागले. पुढे अंतराचे नियम सैल झाले, पण त्या काही महिन्यांत अनेकांची घडी विस्कटली. हे दुकान आडबाजूला म्हणून वाचले, असे भाऊने चालता चालता सांगितले.

आत शिरताना माझी पावले नकळत जड झाली, हे कबूल केले पाहिजे. आमच्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याची सावली अजून आहे. पिणाऱ्याने परवाना बाळगायचा आणि बसायचे ते ‘परमिट रूम’मध्ये, जिथे काचा काळ्या असतात, दिवे लाल असतात आणि बाहेर पडणारा माणूस आधी दोन्हीकडे पाहून घेतो. इथे मात्र दार रस्त्यावर सताड उघडे होते. दारासमोरून शिकवणीहून परतणाऱ्या मुली चालल्या होत्या, एक गृहस्थ दुधाची पिशवी घेऊन दारातच उभे राहून आतल्या कोणाशी तरी पावसाच्या अंदाजाबद्दल बोलत होते आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर दत्ताच्या तसबिरीला मालक उदबत्ती ओवाळत होते. ओवाळून झाल्यावर त्यांनी तीच उदबत्ती बाटल्यांच्या कपाटापुढून एकदा फिरवली आणि मग भाऊकडे वळून विचारले, ‘मास्तर, हो कोण?’ ‘मावसभाव म्हजो,’ भाऊ म्हणाला. ‘बरें,’ म्हणून त्यांनी माझ्याकडे पुन्हा पाहिलेही नाही.

खोली लहानशी होती. भिंतीला लावलेले दोन लांब बाक, मध्ये एक अरुंद मेज, कोपऱ्यात बुचाच्या तोंडाभोवती फडके गुंडाळलेला काचेचा मोठा गर्राफांव आणि छताला अत्यंत संथ फिरणारा पंखा. माझे लक्ष वेधले ते वर्तमानपत्राने. सकाळचा मराठी पेपर तिथे संध्याकाळी पाना-पानांत सुटा होतो. पहिले पान सर्वांत वयस्कर माणसाकडे जाते, खेळाचे पान दाराजवळ बसणाऱ्या रिक्षावाल्याकडे आणि अग्रलेखाचे पान, कोणी काही न बोलता, भाऊकडे येते. मग दर दहा-पंधरा मिनिटांनी पाने बाकावरून सरकत राहतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. एकाने उर्राकाचा, म्हणजे काजूच्या हलक्या मद्याचा, पेला तोंडाला लावायच्या आधी हातातले पान नीट घडी करून शेजाऱ्याला दिले, तेव्हा मला एकदम जाणवले, की हे वाचनालयच आहे, फक्त इथे वर्गणी निराळ्या प्रकारे भरतात. भाऊपुढे कोकम-सोडा न मागताच आला होता. मला मालकांनी उर्राक दिले, त्यात लिंबू पिळून, चिमूटभर मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची घालून. वरून बाटलीतले लिंबू-सरबत. चव सांगायची तर आधी फळाची, मग मिरचीची आणि बऱ्याच वेळाने मद्याची.

दीड तासात माझ्याशी तीन वाक्ये बोलली गेली असतील. तरीही मला कोणी टाळले असे वाटले नाही.

दुसरा दिवस : सत्तरीतली भाटी

पेल्यात येणारे पेय कुठून येते हे पाहिल्यावाचून तावेर्न कळणार नाही, असा भाऊचा मास्तरी आग्रह होता. म्हणून सकाळी सहालाच त्याच्या स्कूटरवरून आम्ही वाळपईच्या बाजूला गेलो. वाटेत त्याने मला एक धडा दिलाच : काजूचे झाड आपले नव्हे, ते पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. पण त्याच्या बोंडापासून ऊर्ध्वपातनाने मद्य काढण्याची ही रीत गोव्याची म्हणूनच ओळखली जाते. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये राज्य सरकारने फेणीला गोव्याचे वारसा पेय म्हणून मान्यता दिली. तोवर कागदोपत्री ती नुसती ‘देशी दारू’ होती.

भाटी म्हणजे डोंगरउतारावर, झऱ्याच्या कडेला, माडाच्या झावळ्यांनी शाकारलेला एक उघडा मांडव. बोंड झाडावरून तोडत नाहीत. पिकून आपोआप गळालेलेच वेचतात, कारण पिकण्याचा निर्णय झाडाने घ्यायचा असतो, असे तिथल्या काकूंनी मला समजावले. त्या बी पिळून वेगळी करत होत्या आणि बोंड टोपलीत टाकत होत्या, इतक्या वेगाने की त्यांचे हात मला धड दिसत नव्हते. खडकात कोरलेल्या कोळंबीत, म्हणजे उथळ कुंडात, बोंडे पायाने तुडवतात. अलीकडे बऱ्याच ठिकाणी यंत्र आले आहे, इथे मात्र काकूंचा मुलगा गुडघ्यापर्यंत पिवळा होऊन नाचत होता. तुडवून झाल्यावर चोथ्याचा ढीग रचून त्यावर दगड ठेवतात आणि रात्रभर जो स्वच्छ रस ठिबकतो त्याला निरो म्हणतात. काकूंनी मला करवंटीत निरो दिला. त्यात नशा नाही, पण उन्हाळ्यात त्याच्यासारखे पेय दुसरे नाही, असे माझे मत झाले आहे आणि ते मी सांगलीत कोणालाही सांगायला तयार आहे.

तुडवलेला रस मात्र तीन-एक दिवस आपोआप आंबतो. त्यात बाहेरून काही घालत नाहीत. मग तो तांब्याच्या भाणात भरायचा, भाणाचे तोंड मातीने लिंपायचे आणि खाली लाकडे पेटवायची. वाफ पाण्याच्या टाकीतून फिरत थंड होते आणि दुसऱ्या टोकाला बारीक धारेने उतरते. ही पहिली धार म्हणजे उर्राक, अंदाजे पंधरा टक्के मद्यार्काचे. हंगाम संपला की ते संपते, कारण ते टिकत नाही. उर्राकात पुन्हा आंबलेला रस मिसळून दुसऱ्यांदा भाण लावले की फेणी उतरते, तिची तीव्रता बेचाळीस टक्क्यांच्या आसपास असते. पण हे टक्के बाटलीवरचे. भाटीवर ‘ग्राव’ हे तीव्रतेचे जुने माप मोजतात, आणि तोही मोजण्याआधी माणूस धार एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओततो आणि वर येणारे बुडबुडे किती वेळ टिकतात ते पाहतो. फेणी हा शब्द फेणावरून, म्हणजे फेसावरून आला असे सांगतात, आणि त्या माणसाने ओठ मिटून, एक डोळा बारीक करून त्या फेसाकडे पाहिले तेव्हा मला ते पटले. ‘एकुणीस,’ तो म्हणाला. नंतर मोजणीची नळी बुडवली तेव्हा एकोणीसच होते. तो हसलाही नाही.

दुपारी काकूंच्या ओसरीवर उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर जेवलो आणि तिथेच झोपलो. संध्याकाळचे सांगण्यासारखे काही नाही.

तिसरा दिवस : पणजी

पणजीला मी एकटाच गेलो, कारण भाऊला शहरातल्या बारचे अप्रूप नाही. कदंब बसच्या स्थानकावरून चालत पाटो पूल ओलांडला की ऊरें खाडीच्या काठाने फोंतेन्यास सुरू होते. आल्तिन्यो टेकडीच्या पायथ्याला असलेल्या झऱ्यावरून या वस्तीला हे नाव पडले. पोर्तुगिजांनी १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा अधिकृत दर्जा दिला. पिवळ्या, निळ्या आणि तांबड्या रंगाची घरे, नळीची कौले, रस्त्यावर झुकलेल्या लहान गॅलऱ्या : हे सारे आपण छायाचित्रांत इतके पाहिलेले असते की प्रत्यक्षात पाहताना आधी थोडी निराशाच होते.

निराशेला आणखी कारण घडले. मी पोहोचलो ती वेळ दुपारी दोनची होती. जुनी दुकाने या वेळी दार लावून झोपतात, हे मला माहीत असूनही मी विसरलो होतो. उन्हात दोन गल्ल्या फिरून शेवटी जे एकमेव ठिकाण उघडे दिसले तिथे शिरलो. ते ‘जुने’ होते, म्हणजे मुद्दाम जुने केलेले होते. भिंतीचा गिलावा कुशलतेने उडवलेला, कोपऱ्यात विकत आणलेला गर्राफांव आणि त्यात दिव्यांची माळ. फेणीच्या पेल्यात रोझमेरीची काडी होती. बिल आले तेव्हा त्यात मोहरीच्या दाण्याएवढ्या अक्षरांत सेवाशुल्क होते आणि मी काही बोललो नाही. मात्र एवढे नोंदवतो, की तिथल्या बाकावर माझ्या आधी कोणीही रोज बसलेले नव्हते आणि ते लाकडाला हात लावताच कळत होते. खऱ्या तावेर्नातल्या बाकाला मधोमध एक हलकी खोल जागा पडलेली असते.

चार वाजता दारे पुन्हा उघडू लागली. एका आडगल्लीत, पाटी नसलेल्या दारातून रेडिओचा आवाज आला म्हणून मी डोकावलो. आत अगदी वृद्ध असे एक गृहस्थ, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या पुढ्यात एक लहान पेला आणि एक उकडलेले अंडे होते. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तिरपे येऊन पेल्यावर पडले होते, आणि तो क्षण मला इतका सुंदर वाटला की मी विचार न करता खिशातून मोबाइल काढला. गृहस्थांनी काही म्हटले नाही. त्यांनी फक्त बाजूची टोपी उचलून पेल्यावर ठेवली, चेहऱ्यावर नव्हे, पेल्यावर. गल्ल्यामागच्या आंटी शांतपणे म्हणाल्या, ‘फोटो नाका.’ या वस्तीतल्या घरांवर छायाचित्रे काढू नयेत असे फलक लावलेले मी तासाभरापूर्वीच वाचले होते आणि ‘लोक किती त्रास देतात’ असे मनातल्या मनात म्हटलेही होते.

मी मोबाइल बंद करून पिशवीत टाकला, माफी मागितली आणि काय करावे ते न कळून तिथेच बसलो. निघून जाणे अधिक अपमानाचे वाटले असते. आंटींनी विचारले, ‘किदें जाय?’ मी फेणी मागितली आणि गप्प राहिलो. रेडिओवर कोकणी गाणी होती. गल्लीतून एक पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत गेला, आंटींनी बाहेर जाऊन पोया घेतल्या, चोरिस, म्हणजे डुकराच्या मांसाची मसालेदार सॉसेज, तव्यावर टाकली आणि तो लाल, व्हिनेगरी, झणझणीत वास खोलीभर झाला. सुमारे तासाभराने वृद्ध गृहस्थांनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली, पेला संपवला आणि जाताना माझ्या मेजावर दोन बोटांनी हलकेच टकटक केले. ते निरोपाचे होते की समज दिल्याचे होते, याचा मी अजून विचार करतो आहे.

तिथून निघून जोसेफ बार पाहिला. तो प्रसिद्ध आहे आणि त्याबद्दल पुष्कळांनी सांगितलेले असते, म्हणून मी लांबवत नाही. जागा एवढीशी, त्यामुळे गिऱ्हाईक पेला घेऊन गल्लीतच उभे राहते, आणि कोकम घातलेले ‘तांबडी रोझा’ खरोखर चांगले लागते. तिथली गर्दी तरुण होती. मला तो आवाज आवडला, पण मला जे हवे होते ते मघाशी मिळून गेले होते.

व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या रेखाचित्रांत तावेर्नातली माणसे पाहिलेली होती : मोठी नाके, झुकलेल्या टोप्या, बाकाखाली झोपलेले कुत्रे. आजवर मी ती गंमत म्हणून पाहत आलो. परतीच्या बसमध्ये वाटले, की त्या चित्रांत कोणीच बाहेर, म्हणजे आपल्याकडे, पाहत नाही.

चौथा दिवस : दिवाडी

पणजीत जे घडले ते भाऊला सांगितल्यावर तो बराच वेळ हसला आणि म्हणाला, ‘अरे, तू परीक्षक म्हणून गेलास. उद्या माझ्याबरोबर चल आणि हात रिकामे ठेव.’ मग मोबाइल घरी ठेवून आम्ही डिचोलीवरून नार्व्याला गेलो. नार्व्याचे सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे दैवत. त्याचे मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते. पोर्तुगिजांनी ते पाडल्यावर देव नदीपलीकडे आला आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्याच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. दर्शन घेऊन आम्ही फेरीबोटीने उलट्या वाटेने बेटावर गेलो. ‘देव जिकडून आला तिकडे आपण चाललो, तेही कुठे, तर गुत्त्यात,’ असे मी म्हटल्यावर भाऊने मला देवळाच्या दिशेने हात जोडायला लावले.

दिवाडीचे तावेर्न म्हणजे एका घराची पुढची खोली. अर्ध्या उंचीच्या दारांपलीकडे एका बाजूला येशूच्या तसबिरीसमोर लाल दिवा आणि झेंडूची माळ, दुसऱ्या बाजूला गल्ला. आतल्या दारातून स्वयंपाकघर दिसत होते, आणि आंटी एका हाताने खोबरे किसत दुसऱ्या हाताने पेले भरत होत्या, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फारशी नाही. इथे माडाची फेणी मिळाली. काजूच्या फेणीइतकी ती अंगावर येत नाही. तिचा वास मवाळ, थोडा खोबऱ्याच्या तेलाकडे झुकणारा. ती सुरेपासून, म्हणजे माडीपासून होते, आणि ती काढणारा रेंदेर दिवसातून तीन वेळा माडावर चढतो.

एक रेंदेर तिथे बसलेलाच होता. तळवे पाहण्यासारखे होते. त्यांची कातडी खारवलेल्या चिंचेसारखी काळी आणि चिवट झाली होती. आता बेटावर चढणारे फार थोडे उरले, मुलगा जहाजावर आहे, असे त्याने भाऊला सांगितले. भाऊने त्याला १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराची गोष्ट सांगितली : इंग्रजांची अबकारी पद्धत गोव्यात आली, सुरेच्या माडांवरचा कर रेंदेरांना जाच झाला, आणि १८९२ मध्ये करार संपला तेव्हा कोठे ते सुटले. रेंदेराने लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, ‘मास्तर, तेन्नाय माड इतलेच उंच आसले?’ यावर भाऊला उत्तर नव्हते. मी त्याला प्रथमच निरुत्तर पाहिले, आणि या चाळीस वर्षांचे शनिवार तो कशासाठी तिथे जातो याचा मला थोडा अंदाज आला. शाळेत त्याला असे प्रश्न कोणी विचारले नसावेत.

बाकी संध्याकाळ संथ गेली. बाकावर आम्ही सहा जण होतो. कोणी कोणाला पाजले नाही, कोणी मोठ्याने बोलले नाही. एकाच्या पायाशी बाजाराची पिशवी, त्यातून बाहेर डोकावणारी लाल माठाची जुडी. दुसरा मधूनच उठून आंटींच्या नळाची गळती पाहून आला, पाना मागून घेतला, नळ आवळला आणि पुन्हा येऊन आपल्या जागेवर बसला. त्याच्या पेल्याचे पैसे आंटींनी घेतले की नाही हे मी लक्ष ठेवूनही मला कळले नाही. माझ्या शेजारी निळ्या सदऱ्याचा एक माणूस होता, जो दोन तासांत एक अक्षर बोलला नाही.

आठच्या सुमारास बाहेर काहीच घडलेले नसताना सर्वांनी एकदम पेले उचलले आणि संपवले. मी भाऊकडे पाहिले. त्याने कान टवकारायची खूण केली. मग मला ऐकू आला तो नदीवरून येणारा फेरीबोटीच्या यंत्राचा घरघराट, अजून बराच दूर. ती धक्क्याला लागेपर्यंत सगळे पैसे देऊन, दिव्यापुढे किंचित मान लववून रस्त्याला लागलेले होते.

बोटीवर मी कठड्याला टेकून उभा राहिलो. निळा सदरा माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. पाणी काळे होते आणि नार्व्याच्या बाजूचे दोन-चार दिवे त्यात लांबट होऊन हलत होते. मधल्या पात्रात आल्यावर त्याने विचारले, ‘फाल्यां येतलो?’ मी म्हणालो, नाही, उद्या सकाळच्या बसने सांगलीला जातो. त्याने पाण्याकडे पाहतच मान हलवली.

‘मागीर पावसांत यो,’ तो म्हणाला. ‘पावसांत बरें आसता.’